एका पंपाला किती

११ जुलै २०१७, बोरी अरब

पुण्याहून परत येऊन आज महिना झाला. शेजारच्या बायांना मी "ऑफिसचं काम घरूनच आहे" असं सांगते. खरी गोष्ट ही की ऑफिसनं मला ठेवलं नाही. वेबसाईट गुगलवर वर कशी आणायची ते वर्षभर तिथे शिकले आणि एक दिवस मॅडमनी गोड बोलून वाट दाखवली. "तुझं बोलणं थोडं..." एवढंच म्हणाल्या. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "मले" निघालं होतं, ते हेच. या वहीत तरी ते निघू द्यायचं नाही असं ठरवलंय.

आता तेच काम स्वतःच्या हिमतीवर करणार. बाबा दुकानात एका फवारणी पंपाचा वॉशर बदलत होते तेव्हा त्यांना समजावून सांगितलं. कोणी गुगलवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात आधी यावं, एवढं माझं काम.

"म्हंजे बाजारात कोणाचं दुकान पुढं मांडून देणं," बाबा म्हणाले.

"तसंच समजा."

"अन् त्यायचा माल पाह्यतं काय तू?"

"माल त्यांचा, बाबा. मला काय त्याचं?"

"माल न पाह्यता आरोळी मारतं? मंग तू माह्याहून हुशार हायेस."

आई आतून हसली. वर "पुण्याहून एवढंच आणलं पोट्टीनं, मला अन् तुला" हेही ऐकवलं. 

परवापासून वर्षावास बसलाय, पावसाळ्याचे तीन महिने. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचं काम पुन्हा माझ्या गळ्यात. सातवीत होते तेव्हापासून हे मीच करते, सुट्टीला आले तरी सुटका नाही. पंधराएक माणसं येतात, अर्धी पेंगतात. समोर उकंडाकाका बसतात. अक्षर येत नाही, पण डोळा लागू देत नाहीत. एखादी ओळ कळली नाही की हात वर. "पुन्हा एक डाव वाच वं माय." मग मी पुन्हा वाचते. पुण्यात मी वर आणलेली पानं हजारो लोक उघडायचे. इथे पंधरा जण, त्यातले सात झोपलेले.

२२ जुलै

पहिलं गिऱ्हाईक मिळालं. यवतमाळचे घनश्यामभाऊ, शेतीची माहिती देणारी वेबसाईट चालवतात. लेख मी लिहायचा, वरही मीच आणायचा. फोनवर म्हणाले, "ताई, इंग्रजीत ढीग पडलाय. मराठीत मैदान मोकळं आहे. तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्याच ना?"

मी हो म्हटलं. आमच्याकडे एका शेवग्यापुरती जागा आहे.

"वडील काय करतात?"

"फवारणी यंत्रांच्या क्षेत्रात आहेत."

बोलले आणि खिडकीतून पाहिलं. बाबा जमिनीवर बसून दातांनी नळी ओढत होते. त्यांनी ऐकलं नसावं. फोन ठेवल्यावर कान तापले होते, पण काम मिळालं.

३ ऑगस्ट

यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलीय. जो तो फवाऱ्याच्या मागे लागलाय, बाबांच्या दुकानापुढे पंपांची रांग आहे. म्हणजे विषय एकदम योग्य.

तीन दिवस लोक काय शोधतात ते काढत बसले. औषध कंपनीच्या माहितीपत्रकात सगळं "मिली" आणि "हेक्टरी" असं. तसं कोणी काळं कुत्रंही शोधत नाही. लोक विचारतात, "एका पंपाला किती". किती झाकण टाकायची, बस. मला सापडलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. हेच शीर्षक द्यायचं, हेच शब्द लेखात पाच-सहा ठिकाणी पेरायचे आणि उत्तर पहिल्या ओळीत ठेवायचं.

पत्रकातल्या तक्त्यात दोन रकाने होते, हातपंपाचा वेगळा, पेट्रोल पंपाचा वेगळा. मोबाईलवर दोन रकाने मावत नाहीत, वाचणारा पळतो. एकच ठेवला, पेट्रोलवाला. हल्ली सगळे तेच घेतात. मिलीची झाकणं केली. रकान्याचं नावही काढून टाकलं, कारण शोधणारा नुसतं "पंप" म्हणतो.

सकाळपासून बाबांची बडबड चालू होती. "तीन पंप आले, तिघायचं पोट वेगळं. हा पंधराचा, हा अठराचा, हा पेट्रोलचा पंचवीस लिटरचा. अन् सगळे म्हंतात पंप." गिऱ्हाईक हसत होतं. मी उठून खिडकी लावून घेतली. अशा गोंगाटात माणसानं लिहायचं कसं?

१८ ऑगस्ट

पहिला नंबर. सकाळी तीनदा तपासलं, आईच्या फोनवरही तपासलं. "एका पंपाला किती" असं टाकलं की सगळ्यात वर माझं पान येतं.

लेखाखाली घनश्यामभाऊंनी "कृषितज्ज्ञ दीपमाला" असं टाकलंय. मी फोन करून म्हटलं, तज्ज्ञ नका लिहू. ते म्हणाले, "ताई, नावाला वजन पाहिजे, नाहीतर गुगल विचारत नाही." तेही खरं आहे. दुसऱ्यांदा मी म्हटलं नाही.

बाबांना सांगावंसं वाटलं, पण ते म्हणाले असते, "काय लिहिलं ते वाचून दाखव." मग प्रत्येक ओळीवर त्यांची एक गोष्ट. राहू दिलं.

२५ ऑगस्ट

आज गंमत झाली. बाबा सामान आणायला दारव्ह्याला गेले होते, दुकानात मी होते. उकंडाकाका सायकलवर आले, पाठीला पंप. ते लोकांच्या वावरात रोजानं फवारा मारतात.

"धर्मपाल नाई काय? मालकानं नवं औषध आणून देल्लं. एका पंपाले किती टाकू म्हून विचाराले आलतो."

शब्दाला शब्द माझं शीर्षक, आणि बाटलीही माझ्या लेखातल्याच औषधाची. मला हसूच आलं. म्हटलं, बसा काका, गुगलला विचारू. फोनमध्ये टाकलं, पान वर आलं, मी वाचून दाखवलं. चार झाकणं.

काकांनी सवयीनं हात वर केला. "पुन्हा एक डाव वाच."

मी पुन्हा वाचलं, विहारात वाचते तसं, सावकाश.

"लय नाई होत काय वं?"

"काका, गुगलवर पहिल्या नंबरला आहे हे. हजारो लोक वाचतात."

काका थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग मान हलवली, पंप पाठीला लावला आणि सायकलवर टांग टाकली. पान माझंच आहे हे मी सांगितलं नाही. उगाच फुशारकी कशाला.

२९ ऑगस्ट

काल आणि आज उकंडाकाका विहारात नाहीत. समोरची जागा रिकामी. वाचन संपल्यावर आईनं सांगितलं, काल फवाऱ्यानंतर त्यांना चक्कर आली, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी. जीपमध्ये घालून दारव्ह्याला नेलं, तिथून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात. त्यांची बायको, मैनाकाकू, सोबत गेल्यात.

गावात जो तो आपली अक्कल पाजळतोय. कोणी म्हणतं ऊन लागलं, कोणी म्हणतं तोंडाला फडकं नव्हतं. पऱ्हाटी डोक्यावर, फवारा सगळा अंगावरच येतो. आई म्हणते, उपाशीपोटी मारला असेल. मलाही तसंच वाटतं. काका सकाळी काही खात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे.

आज पानावर आजवरचे सर्वात जास्त लोक आले.

३० ऑगस्ट

पत्रक पुन्हा उघडलं. मी काढून टाकलेल्या हातपंपाच्या रकान्यातल्या मिलीचं दीड झाकण होतं. चार झाकणं आहेत ती पेट्रोल पंपाची, पंचवीस लिटरची.

काकांचा पंप हाताचा. पंधराचा. मला तो पंप माहीत आहे. दरवर्षी बाबाच त्याचा वॉशर बदलतात. लहान असताना मी त्याच्यावर बसून भाकर खाल्लीय.

आज आणखी काही लिहवत नाही.

१ सप्टेंबर

घनश्यामभाऊंना फोन केला. म्हटलं, पान काढा, आकडे चुकलेत.

"चुकलेत म्हणजे? पत्रकातलेच आहेत ना?"

"पंपाचं नाव राहिलं. पेट्रोल पंपाचे आकडे आहेत ते."

"मग खाली एक ओळ टाकतो. पान काढता येत नाही ताई, हंगाम आहे, सगळे त्याच पानावर येतात. आणि खाली लिहिलंयच की, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा."

"तज्ज्ञ म्हणून तर माझंच नाव आहे."

ते आवाज खाली करून म्हणाले, "कोणाला काही झालंय का? तसं असेल तर तुमचं नाव काढून टाकतो. तुम्हाला त्रास नको."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "हो. काढा."

दहा मिनिटांत नाव गेलं. चार झाकणं तिथेच आहेत. त्यांनी टाकलेली ओळ एवढी खाली आहे की मलाच सापडायला वेळ लागला. शिवाय इतर तीन साईटांनी माझा लेख जसाच्या तसा उचललाय. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही फिरतोय, पहिली ओळ तेवढी. उत्तर पहिल्या ओळीत ठेवायचं, हे मीच ठरवलं होतं.

४ सप्टेंबर

बाबा आणि मी यवतमाळला गेलो. एसटीत बाबांनी खिडकीची जागा मला दिली. मी सगळी वाट बाहेर पाहत होते, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, आणि तिच्यात नुसती डोकी आणि पंपाच्या नळ्या.

वॉर्डात काकांसारखे बरेच होते. काका ओळखू आले नाहीत. डोळे उघडे, पण पाहणं भलतीकडेच. बाबा म्हणाले, "जय भीम उकंडा, मी धर्मपाल." काकांनी हात पुढे केला तो बाबांच्या खांद्याच्या बाजूनं गेला.

तेवढ्यात कृषी खात्याचे एक साहेब वही घेऊन आले. प्रत्येक खाटेपाशी तेच विचारत होते, कोणतं औषध, किती टाकलं, कोणी सांगितलं. काकांपाशी आले तेव्हा मी पायाशी उभी होते.

"किती टाकलं होतं?"

"चार झाकणं."

"एवढं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

काकांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "कोणी नाई साहेब. मीच अंदाजानं टाकलं."

साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढे गेले. मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? साहेब पुढच्या तीन खाटा करेपर्यंत मी तिथेच होते, आणि नाही उघडलं. मैनाकाकू मला म्हणाल्या, "तोंड किती सुकलं वं पोरी तुहं," आणि आपल्या फडक्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली. याहून लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

१५ सप्टेंबर

अकरा दिवस वहीला हात लावला नाही. विहारातही गेले नाही, घसा बसलाय असं सांगितलं. धडधाकट घसा घेऊन घरात बसले होते.

आज बाबांना सांगितलं. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. सगळं सांगितलं, नाव काढायला हो म्हटलं तेही. बाबांनी हातातला पाना खाली ठेवला.

"वाचून दाखव."

मी पान वाचून दाखवलं. बाबा ऐकत होते. चार झाकणांपाशी त्यांनी डोळे मिटले.

"मी बाहेरच बसलो होतो," ते म्हणाले. "एक आवाज देल्ला असता."

"मले लाज वाटे, बाबा."

"कायची?"

माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपल्या हातांकडे पाहिलं, घासलेटाचा डबा ओढला आणि हात धुवायला लागले. खूप वेळ धूत होते. ते डाग निघत नाहीत, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

२० सप्टेंबर

बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पण काम त्यांनीच काढलं. सकाळी दुकानापुढे सगळ्या जातीचे पंप ओळीनं मांडले. बादलीनं पाणी भरून कशात किती मावतं ते मोजलं. मग झाकणं. मला माहीत नव्हतं की लहान बाटलीचं आणि मोठ्या बाटलीचं झाकण सारखं नसतं. मोठ्याच्या एका झाकणात लहानाची जवळपास दोन मावतात. म्हणजे माझी चार झाकणंसुद्धा खरी चार नव्हती. मी ती खोलीत बसून, आकड्याला आकड्यानं भागून काढली होती.

"झाकणानं मोजूच नोको म्हून लिव्ह," बाबा म्हणाले. "मापाचा पेला येते बाटलीसंगं. लोक फेकून देतात."

मी नवं पान लिहिलं. पंपाचं पोट आधी पाहा, मग बाटलीवरचं वाचा, तोंडाला आणि अंगाला काय बांधा, वारा कुठून आहे ते पाहा. सगळं बाबांनी सांगितलेलं. माझ्याच एका फुकटच्या साईटवर टाकलं. गुगलवर ते सातव्या पानावर आहे. सातव्या पानावर कोणी जात नाही, हे शिकायलाच मला पुण्यात वर्ष लागलं होतं.

बाबांना सांगितलं तर ते उठले आणि पांढऱ्या ऑईलपेंटचा डबा काढला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पंपाच्या पाठीवर आता मी मोठ्या आकड्यात लिटर लिहिते. १५. १८. २५. आज नऊ पंप झाले.

२६ सप्टेंबर

उकंडाकाका घरी आले. उजवा डोळा गेला, डाव्यानं धुकं दिसतं म्हणतात, हात थरथरतो. पंप आता पाठीला लागणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. मैनाकाकू उद्यापासून निंदणाला जाणार.

मी गेले. दारात दोनदा चप्पल काढली, दोनदा घातली. आत गेल्यावर एका दमात बोलून टाकलं. "काका, ते पान मीच लिहिलं होतं. गुगल नाही, मी. अन् चुकीचं लिहिलं होतं."

मैनाकाकूंचा हात तव्यावर थांबला. काका म्हणाले, "पान कोणं लिव्हलं ते मले नाई माहीत. पण चार लय होतात, हे मले तवाच वाटलं होतं."

"मंग टाकलं काहून?"

"गुगल-बिगल मले काय समजते? तू वाचलं म्हून टाकलं. दोनदा वाचलं तू. बारा वर्सं तुह्या तोंडून आयकून राह्यलो, एक अक्षर चुकलं नाई तुहं."

मी खाली पाहत राहिले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या खुणा होत्या, त्या मोजत होते.

"साहेबाले काहून नाई सांगतलं, काका?"

"तुहं नाव सांगू काय? मंग विहारात वाचाले कोण येईन?"

मैनाकाकू बोलल्या त्या माझ्याकडे न पाहता. "ते काहीबी सांगोत. मले विचारशील तर मले राग आला हाय. लय आला हाय. भाकर खाऊन गेली तू माही."

मी म्हटलं, हो.

"जाय आता," त्या म्हणाल्या. मी आले.

५ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

आज वर्षावास संपला. शेवटच्या दिवशी सगळं गाव येतं, विहाराबाहेर पायरीपर्यंत माणसं होती. पांढरी साडी नेसून मी वाचायला बसले. महिनाभर दुसऱ्याच कोणी वाचलं होतं, पानांत खूण म्हणून बसचं तिकीट होतं.

ग्रंथाचं शेवटचं प्रकरण वाचून संपवलं. लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, बसा, अजून एक कागद हाय. कागद मी घरीच लिहून आणला होता. बाबा दाराशी उभे होते, हात मागे. आई त्यांच्या शेजारी.

मी वाचलं. "मी पंप दुरुस्त करनाऱ्या धर्मपालची पोरगी दीपमाला. मी तज्ज्ञ नाई. एका पंपाले चार झाकण असं मोबाईलवर फिरून राह्यलं, ते मी लिव्हलं होतं. ते चूक हाय. ते आयकून उकंडाकाकाचा डोळा गेला. चूक त्यायची नाई, माही हाय." त्याच्या पुढे पंपाचं पोट, मापाचा पेला, फडकं, वारा, सगळं.

 मागे एका माणसानं फोन काढला आणि त्याच्यात पाहायला लागला. तिथे जुनं पान अजून पहिलंच येतं, बिननावाचं. मैनाकाकू बायांमध्ये बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं आता उठून जातील.

समोर काका त्यांच्या जागी होते. नजर माझ्यावर नव्हती, चेहरा आवाजाकडे होता. त्यांनी हात वर केला. हात थरथरत होता, पण वरच राहिला.

"पुन्हा एक डाव वाच वं माय."

"पंपाचं, काका?"

"नाई. पह्यल्यापासून."

मैनाकाकू उठल्या नाहीत. मी कागद सरळ केला आणि पह्यल्यापासून वाचलं, सावकाश.